एक केंद्र, एक आवाज

तिला मौनीबाई हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याने तिला जेवणाच्या सुट्टीत कधी ऐकलेलं नसणार. डबा उघडल्यापासून तो धुऊन पिशवीत टाकेपर्यंत तिचं तोंड चालू असायचं. लेकीच्या शाळेतल्या बाई, इमारतीची कायम बंद पडणारी लिफ्ट, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची गळकी मोरी, सगळ्यांची ती एका दमात हजेरी घ्यायची. कोपऱ्यावरचा भाजीवाला तर तिला लांबून येताना पाहिलं की तराजू आधीच पुसून ठेवायचा. आणि हीच बाई ऑफिसातल्या काचेच्या खोलीत वर्षानुवर्षं एक शब्द बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तिला बोलू दिलं नाही. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण अजूनही आमच्यातली काही मंडळी मान हलवत म्हणतात, ‘स्वभावानेच अबोल होती हो ती.’ हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं ऑफिस म्हणजे एका बड्या परदेशी कंपनीचं इकडचं केंद्र. खाली बँक, समोर टायरचं दुकान, आणि मध्ये आम्ही तीन मजल्यांवर कोंबलेले. कंपनीचं मुख्य घर समुद्रापलीकडे. आम्ही त्याला नुसतं ‘तिकडे’ म्हणायचो आणि तिथल्या लोकांना ‘तिकडचे’. तिकडे डोकं, इकडे हात, असं आमचे केंद्रप्रमुख साहेब एकदा भाषणात म्हणाले होते, आणि त्यावर टाळ्या वाजल्या होत्या. आपल्याला डोकं नाही असं कुणी तोंडावर सांगतंय आणि आपण टाळ्या वाजवतोय, असं दृश्य दुसरीकडे कुठे बघायला मिळेल असं वाटत नाही.

आम्ही बनवायचो ते रुग्णालयांसाठीचं सॉफ्टवेअर. खाटेशेजारच्या यंत्राला काही गडबड दिसली, श्वास मंदावला, नाडी घसरली, की ते त्या खाटेच्या नर्सच्या हातातल्या फोनवर सूचना पाठवायचं. तिने उचलली नाही तर दुसरीला, मग तिसरीला. कुणाला कधी पाठवायची हे ठरवणारा सगळा भाग मौनीबाईने लिहिलेला. पहिल्या ओळीपासून तिचा. मी शेजारच्या टेबलावर चाचणी करायचे, म्हणजे दुसऱ्याने बांधलेलं मोडून दाखवायचं हा माझा धंदा. तिचं लिहिलेलं मोडताना माझी नखं झिजायची.

सुरुवातीला ती तिकडच्यांशी स्वतःच बोलायची. रोज संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, काचेच्या खोलीत बैठक भरायची. भिंतीवर तिकडून आलेली चित्रं, त्यातल्या एकावर हसऱ्या माणसांच्या खाली लिहिलेलं, ‘प्रत्येक आवाज मोलाचा’. टेबलाच्या मधोमध तीन पायांचा बोलका डबा, त्यातून तिकडचे बोलणार. एका संध्याकाळी तिने काहीतरी समजावून सांगितलं, आणि तिकडचा एक मोठा अधिकारी हसत म्हणाला, “माफ करा, हे दुसरं कुणी सांगेल का?” तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. तिकडे आणखी दोघं हसली. तिचं इंग्रजी चुकीचं नव्हतं. लहान गावातल्या शाळेत ती ते पुस्तकातून शिकली होती, आणि शिकवणाऱ्या मास्तरांनीही ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. शब्द सगळे जागच्या जागी, फक्त ते आमच्या वळणाने यायचे, थोडे ठासून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं, चहा मागवला. साहेब चहा मागवतात तेव्हा समजावं की काहीतरी काढून घ्यायचं आहे.

“तुमचं काम सोन्यासारखं आहे,” ते म्हणाले. “फक्त बोलण्याचं आपण दुसऱ्या कुणाकडे देऊ. तुम्हालाही ताण नको.”

“मला ताण नाहीये, सर.”

“त्यांना आहे ना.”

तेव्हापासून नियम झाला, आणि साहेबांनी त्याला नावही दिलं: एक केंद्र, एक आवाज. तो आवाज म्हणजे निवेदक. हे नाव मीच ठेवलेलं. उंच, गोरटेला, रेडिओवर शोभेल असा गळा. शहरातल्या महागड्या शाळेत शिकलेला, सुट्ट्या काकाकडे परदेशात काढलेला. त्याचं स्वतःचं काम बेताचंच, पण बोलायला लागला की तिकडच्यांना वाटायचं आपलाच भाऊ बोलतोय. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात ना, ते मी रोज संध्याकाळी काचेतून बघत होते. इथे तर सोनं एकीचं होतं आणि विकत दुसराच होता.

पद्धत अशी होती. निवेदक बोलक्या डब्यापाशी बसायचा, समोर लॅपटॉप उघडा. मौनीबाई खोलीच्या मागच्या टोकाला, तिच्या मांडीवर तिचा लॅपटॉप. तिकडून प्रश्न आला की ती उत्तर भराभर टंकायची, ते त्याच्या पडद्यावर उमटायचं, आणि तो ते आपल्या मखमली आवाजात वाचायचा. मधल्या वेळात शांतता पडू नये म्हणून तो म्हणायचा, “फार चांगला प्रश्न विचारलात.” तिकडच्यांना हे इतकं आवडायचं! आपले प्रश्न चांगले असतात असं त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं बहुधा. एकदा मौनीबाईला शिंकांची उबळ आली, तर निवेदकाने एकाच प्रश्नाची इतक्या वेळा स्तुती केली की विचारणाऱ्यालाच शंका यायला लागली.

एकदा तर गंमतच झाली. तिने नवऱ्याला पाठवायचा निरोप चुकून बैठकीच्या खिडकीत टाकला. निवेदक आपला तंद्रीत वाचत होता. “आणि ही रांग भरली की जुन्या सूचना मागे सरकतात, आणि येताना दूध आणा.” तिकडे हशा पिकला. त्यांना वाटलं ही इकडची म्हण असणार. पुढे कित्येक महिने बैठक संपताना तिकडचे मोठ्या प्रेमाने म्हणायचे, “चला, येताना दूध आणा!” आणि आम्ही अळीमिळी गुपचिळी. मौनीबाई मागे बसून हसून हसून लाल झाली होती. मीही हसले. आज आठवलं की हसू येतं आणि लगेच राग येतो. ज्या बाईच्या घरच्या दुधाचा निरोपसुद्धा तुम्हाला म्हण वाटून आवडतो, तिचं तोंड मात्र तुम्हाला नको.

आणि उच्चारांचं म्हणाल तर तिकडे एक बुवा होता, तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलायचा. त्याचं बोलणं कळावं म्हणून आम्ही चौघं चौघं मिळून बैठकीची ध्वनिफीत मागे-पुढे करत बसायचो. त्याला कुणी निवेदक लावला नाही. त्याचं समजून घेणं हे आमचं काम, आणि आमचं समजून घेणं हेही आमचंच काम.

निवेदक वाईट नव्हता. “आवाज माझा, अक्कल ताईंची,” असं तो चारचौघांत हसत हसत म्हणायचा, आणि हसण्यावारी नेलं की खरं बोलल्याचं पुण्य मिळतं आणि काही बदलावं लागत नाही. तिकडे तो सूचनांच्या भागाचा तज्ज्ञ ठरला. त्याला तिकडे बोलावून नेलं, व्यासपीठावर उभं केलं. येताना त्याने मौनीबाईसाठी फ्रिजला लावायचा चुंबक आणला. तिने तो लावलाही.

मी तिच्या घरी जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दारात चपलांचा ढीग. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, तो इतका शांत झाला होता की बायकोच्या बोलण्याला नुसता ‘हं’ म्हणायचा आणि ते तिला पुरायचं. लेक दहावीच्या आसपासची, इंग्रजी फाडफाड. एकदा शाळेतून फोन आला. मौनीबाईने हात पुढे केला तर पोरीने फोन ओढून घेतला. “आई, तू राहू दे, मी बोलते.” मौनीबाई भांडी लावायला गेली. पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटली मला. पण पोरगी शिकली कुठून? आईला ऑफिसात गप्प बसवतात हे तिला घरात कळल्याशिवाय थोडंच राहिलं होतं?

मग तिकडे एक नवा तरुण प्रमुख आला. त्याला वाटलं नर्सचे फोन फार वाजतात, बिचाऱ्या त्रासतात. सूचना एकेक न पाठवता थोडा वेळ गोळा करायच्या आणि गठ्ठ्याने पाठवायच्या, अशी त्याची टूम. गठ्ठा एकदाच, एकाच फोनवर जाणार; तो पुढे दुसरीकडे-तिसरीकडे सरकणार नाही. ऐकायला बरी वाटते. मौनीबाईलाही आधी बरी वाटली. तिची थोरली नणंद नर्स. रविवारी ती घरी आली तेव्हा हिने सहज विषय काढला. मी तिथेच होते.

“वन्सं, तुमच्याकडे ड्यूटी बदलताना फोनचं काय करता?”

“काय करणार? माझा फोन चार्जिंगच्या डब्यात टाकते. येणारी तिचा उचलते. मग दोघी मिळून खाटेखाटेपाशी जातो, कुणाला काय झालंय ते सांगत.”

“आणि तेवढ्यात तुमच्या नावाने गोळा झालेला गठ्ठा सुटला तर?”

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. “तर काय, डब्यात वाजत बसेल की गं. आम्ही असू वॉर्डच्या त्या टोकाला. वहिनी, असलं काही करू नका हं.”

दुसऱ्या संध्याकाळच्या बैठकीत तिकडच्या तरुणाने विचारलं, काही अडचण? मौनीबाईने टंकलं. त्या दिवशी मी काचेबाहेर नव्हते, आत तिच्या शेजारी बसले होते, म्हणून माझ्या डोळ्यांनी वाचलं: ‘नाही. हे करू नका. ड्यूटी बदलताना गठ्ठा डब्यातल्या फोनवर जाईल. कुणीच बघणार नाही. माणूस मरेल.’ निवेदकाने ते वाचलं. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टेबलावर तळवा ठेवून हळूच खाली दाबला, कणीक दाबावी तसा.

“फार चांगली कल्पना आहे,” निवेदक बोलक्या डब्यात म्हणाला. “ड्यूटी बदलण्याच्या वेळेबद्दल एक लहानशी बाब आहे, ती आपण पुढच्या टप्प्यात बघून घेऊ.”

“छान! म्हणजे अडचण नाही तर,” तिकडून उत्तर आलं.

मौनीबाईने पुन्हा टंकलं, ‘नाही नाही नाही’. निवेदकाने पडद्याकडे बघितलंच नाही.

बैठक संपल्यावर तिने त्याला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं. “मी काय लिहिलं आणि तू काय बोललास?”

“ताई, तेच बोललो. जरा नीट करून.”

“माणूस मरेल हे नीट करून कसं बोलतात? शिकव मला.”

तो पेला भरत राहिला. पेला भरून वाहायला लागला तरी भरत राहिला. साहेब मागून आले आणि म्हणाले, “हे बघा, तिकडे नकार चालत नाही. आपण नाही म्हणायला लागलो तर काम उद्या दुसऱ्या देशातल्या केंद्राकडे जाईल. इथल्या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. आपण नाही म्हणत नाही. आपण पुढचा टप्पा म्हणतो.”

पुढचा टप्पा! त्या टप्प्यात माझ्या किती तक्रारी गेल्या, एकही परत आली नाही. मी गठ्ठ्याची चाचणी केली, ड्यूटी बदलाची वेळ घातली, सूचना हरवते हे दाखवलं. तीही तिकडेच रवाना. मौनीबाईने तिकडे थेट कळवायचं म्हटलं, तर केंद्रातून तिकडे जाणारं प्रत्येक पत्र साहेबांच्या हातूनच जायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि वर ते गठ्ठ्याचं काम लिहायचं कुणी? तिनेच. तिचाच भाग ना तो.

व्हायचं ते झालं. तिकडच्या एका रुग्णालयात, ड्यूटी बदलताना, एका म्हाताऱ्या गृहस्थाचा श्वास मंदावला. यंत्राला दिसलं. सूचना गठ्ठ्यात बसली, गठ्ठा सुटला तो घरी निघालेल्या नर्सच्या फोनवर, आणि तो फोन डब्यात होता. गृहस्थ जगले. पण नंतर भेटायला आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, आपण कोण?

कंपनीचं पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं. सूचना फोनवर वेळेत पोचली होती. बदल आणि ही घटना यांचा संबंध म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसा योगायोग. भाषा त्यांची अर्थात वेगळी, पण अर्थ हाच. मग दोष कुणाचा? जिच्या फोनवर पोचली तिचा. त्या नर्सला घरी बसवलं. चौकशी होऊन काढून टाकणार असं ठरत आलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला माणसं किती तत्पर असतात! आणि गठ्ठे बाकीच्या सगळ्या रुग्णालयांत सुटतच होते.

मौनीबाईचा जेवणाचा डबा त्या दिवसांत तसाच घरी जायचा. नणंद तिला म्हणाली होती, “वहिनी, त्या बाईच्या जागी मी असते तर?” एवढंच. ती ते वाक्य माझ्यापाशी पुन्हा पुन्हा म्हणायची. तिला एकच करायचं होतं. तिचा नकार तिकडे पोचवायचा होता, तिने दिला होता तसा, न कुरवाळलेला.

चौकशीची बैठक लागली. तिकडचे, रुग्णालयाचे लोक, आणि उत्तर द्यायला ती नर्सही. साहेबांनी आदल्या दिवशी निवेदकाला वाक्य पढवलं. “सूचना पोचली. फोन कुणाच्या हातात होता हा रुग्णालयाचा प्रश्न.” आणि मौनीबाईला म्हणाले, “तुम्ही मागे बसा, काही तांत्रिक विचारलं तर लिहून द्या. बाकी काही नको.” ती ‘बरं’ म्हणाली. साहेबांना ते ‘बरं’ खरं वाटलं. इतक्या वर्षांची सवय.

या बैठकीला चेहरेही दिसणार होते. भिंतीवरच्या पडद्यावर एकेकाचे चौकोन उघडले. एका कोपऱ्यातल्या चौकोनात ती नर्स होती. मागे लोखंडी कपाटं, बहुधा चौकशीपुरतं रुग्णालयात बोलावून तिला कपडे बदलायच्या खोलीत बसवलं होतं. चाळिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले. तीही मूळची तिकडची नव्हती. कुठल्यातरी तिसऱ्याच देशातून तिथे कामाला आलेली. निवेदकाने आपलं वाक्य म्हटलं, मधासारखं. मग नर्सला विचारलं. ती आपल्या वाकड्यातिकड्या इंग्रजीत म्हणाली, “माझी ड्यूटी संपली होती. फोन डब्यात होता. आम्ही सगळ्या तसंच ठेवतो. मला सूचना दिसली नाही, कुणालाच दिसली नाही.”

तिकडच्या तरुण प्रमुखाने कपाळाला हात लावला. “माफ करा, नीट कळलं नाही. हे दुसरं कुणी सांगेल का?”

मौनीबाई उठली. लॅपटॉप तिने खुर्चीवर ठेवला, उलटा, वाळत घातल्यासारखा. ती टेबलापाशी आली आणि बोलक्या डब्याकडे वाकून बोलली, आमच्या वळणाने, ठासून. “तो भाग मी लिहिला आहे. चूक नर्सची नाही. ड्यूटी बदलताना गठ्ठा जुन्या फोनवर जातो. आजसुद्धा जातोय. आत्ता बंद करा.”

तिकडे दोन-तीन माणसं एकमेकांकडे बघत राहिली. “कुणी पुन्हा सांगेल का, काय म्हणाल्या त्या?”

सगळ्यांनी निवेदकाकडे पाहिलं. मीसुद्धा. मला वाटलं आता हा माणूस बनेल. आणि तो त्याच सुंदर आवाजात म्हणाला, “त्या म्हणतात, झाल्या प्रकाराचं त्यांना फार वाईट वाटतं.”

मी शिवी दिली. मोठ्याने. ती तिकडेही ऐकू गेली असेल, जाऊ दे.

“मी असं म्हटलं नाही,” मौनीबाई म्हणाली. “मी म्हटलं, चूक आमची आहे.” साहेबांनी आवाज बंद करायचं बटण दाबायला हात पुढे केला. तिने तो तीन पायांचा डबाच उचलला, वायर ओढत घेतला आणि पोरासारखा पोटाशी धरून खुर्चीत बसली. आता बटण दाबायचं तर साहेबांना तिच्या कुशीत हात घालावा लागला असता. “मी म्हटलं, चूक आमची आहे,” ती डब्याला म्हणाली. “आमची. आमची.”

तेव्हा कोपऱ्यातल्या चौकोनातून आवाज आला. “मला कळलं.” नर्स पुढे झुकली होती. “त्या काय म्हणाल्या ते मला पहिल्या वेळीच सगळं कळलं. तुम्हाला सांगू?” आणि तिने सांगितलं. शब्दाला शब्द, स्वतःच्या वाकड्या वळणात, मौनीबाईचं वाक्य तिने तिकडच्यांच्या समोर ठेवलं: चूक नर्सची नाही, गठ्ठा जुन्या फोनवर जातो, आत्ता बंद करा. या वेळी माफ करा, कळलं नाही, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. रुग्णालयाचा एक माणूस काहीतरी भराभर लिहून घ्यायला लागला.

त्यानंतरचं आधी सांगून टाकते. गठ्ठे बंद झाले. त्या नर्सला कामावर परत घेतलं. कंपनीने केंद्राच्या जागरूकतेचं कौतुक करणारा निरोप पाठवला, त्यात नाव होतं निवेदकाचं, कारण तिकडच्यांना इकडचं तेवढंच नाव तोंडपाठ होतं. साहेब वर चढले. मौनीबाईला सांगण्यात आलं की केंद्राची फेरमांडणी होते आहे आणि तीत तिची जागा उरत नाही. चहा मागवून सांगितलं. आता ती एका लहानशा कंपनीत आहे, तिथे ती स्वतः बोलते, आणि भाजीवाल्याशी भांडतेही पूर्वीसारखी. मी अजून तिथेच आहे, मोडून दाखवतेय. हे सगळं अन्यायाचं आहे, पण आमच्या धंद्यात असला अन्याय नवा नाही. माझा जळफळाट त्यासाठी नाही, किंवा फक्त त्यासाठी नाही.

तो आहे त्या बैठकीच्या शेवटासाठी. तिकडचे एकेक करून चौकोन बंद करत होते. नर्स थांबली होती. तिने विचारलं, “हे तुम्हाला आत्ता कळलं, की आधीपासून माहीत होतं?”

मौनीबाईच्या पोटाशी अजून तो डबा होता. “आधीपासून.”

“सुरू व्हायच्या आधीपासून?”

“हो.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

खोलीत साहेब होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. निवेदक होता. त्याने आपल्या नखांकडे पाहिलं. मला बोलू दिलं नाही, असं ती म्हणू शकली असती, आणि ते अक्षरशः खरं होतं. मी तर आतल्या आत तिला ओरडून सांगत होते, सांग, नावं घे, हे बघ हे इथेच बसलेत.

“लिहून दिलं होतं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बोलायला हवं होतं.”

नर्सने मान हलवली. “हो,” ती म्हणाली. “बोलायला हवं होतंत.” आणि तिचा चौकोन बंद झाला.

साहेब उठले, कोट सावरला, दार उघडून धरलं. त्या बाईचा तो प्रश्न त्यांना होता, निवेदकाला होता, तिकडे हसणाऱ्या त्या तिघांना होता. त्यांतल्या कुणीही मान वर करून उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं ते जिला बोलायला बंदी होती तिने.